चित्र काढायला शिकवता, पण बघायला कोण शिकवणार?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेची म्युझियमची ट्रिप गेली होती. आठवीत आहे ती. आदल्या रात्री आनंदाने झोपली नाही, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं काय काय बघितलंस, तर म्हणाली पुढच्या मुलीची वेणी. तीन तुकड्या एकत्र नेल्या होत्या, दोन तासांत सगळी दालनं संपवायची, कुठे थांबायचं नाही आणि वहीत दहा पाट्यांवरचा मजकूर उतरवून आणायचा कारण त्यावर प्रोजेक्ट आहे. वही बघितली मी. दहाच्या दहा पाट्या अगदी सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या. त्यात एक नटराजाची होती म्हणून विचारलं, कुठला पाय वर होता गं? तिला आठवेना. आठवणार कसं, बघायला वेळच नव्हता, तिने पाटी वाचली आणि पुढे सरकली.

शिक्षकांवर राग नाही माझा. एवढी मुलं मुंबईच्या रस्त्यांवरून सांभाळून न्यायची आणि मोजून परत आणायची हेच मोठं काम आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे शाळेत ड्रॉइंग आहे, म्हणजे तो तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो हे आहेच, पण जेव्हा होतो तेव्हा त्यात फक्त काढायचं असतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. मग एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला जादा मार्क मिळतात म्हणून क्लासेस फुल. या परीक्षा वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, हात वळतो, शिस्त लागते, मी स्वतः दिल्यात. पण दहा वर्षांच्या शाळेत एकदाही कोणी माझ्यासमोर एक चांगलं चित्र ठेवून, बस पाच मिनिटं आणि सांग तुला काय दिसतंय, असं म्हटलं नाही. मुलीलाही अजून कोणी म्हटलेलं नाही. मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण विचारतात ना, मग चित्राचं, मूर्तीचं, इमारतीचं रसग्रहण कुठे गेलं?

वर्गातल्या पन्नास मुलांपैकी चित्रकार होणार एखाद-दुसरा. बाकीची सगळी उद्या घर घेणार, सोसायटीच्या कमिटीत बसणार, बिल्डिंगला रंग कुठला द्यायचा ते ठरवणार. आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा जिन्याचे आणि गॅलरीचे जुने लाकडी कठडे, प्रत्येक खांबाला वर कोरीव काम, सगळं एका दुपारी भंगारात गेलं आणि कोणाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. माझ्याही नाही. सत्तावीस वर्षं त्या कठड्यावर गाद्या वाळत घातल्या आम्ही. नंतर लग्नाच्या अल्बममध्ये मागे ते कोरीव काम दिसलं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं, आणि फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आणि मुलांना यात रस नसतो हे मला कोणी सांगू नका. आमच्या भागातल्या पोरांना घेऊन गणपतीच्या कारखान्यात उभं करा. चौथीतलं पोर सांगतं की यंदा आखणी मस्त झालीय, बाप्पा आपल्याकडेच बघतोय, किंवा पितांबराचा रंग जास्त झालाय, किंवा बैठक बरोबर आहे पण सोंड जाड वाटते. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराच्या मागे श्वास रोखून उभी असतात ही मुलं, केसाएवढ्या बारीक रेषेने चेहऱ्याचा भाव कसा बदलतो हे त्यांनी समोर बघितलेलं असतं. याला सौंदर्यदृष्टी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? फक्त शाळेच्या गेटमध्ये शिरलं की ही नजर बाहेर ठेवायची, कारण आत त्याबद्दल कोणी विचारतच नाही.

त्या ट्रिपनंतरच्या रविवारी मी मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन करी रोडवरून सीएसएमटीला गेले. ऑफिसला मी रोज तिथेच उतरते. समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं, अर्धा तास, फोटो काढायचे नाहीत आणि प्रत्येकीने दुसरीला न दिसलेली गोष्ट शोधायची एवढंच ठरवलं. पहिली पाच मिनिटं कंटाळल्या. मग एकीला दगडातली माकडं दिसली, दुसरीला मोर, मग गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे हे दिसलं आणि प्रश्न सुरू झाले, दोन्हीकडे सारखेच का नाही? सिंह इंग्लंडचा, वाघ आपला, असं मी सांगितल्यावर मुलगी म्हणाली मग त्यांनी दोघांना सारख्याच उंचीवर का बसवलं? यावर मला उत्तर देता आलं नाही पण प्रश्न इतका चांगला होता की आम्ही ट्रेनमध्ये त्यावरच बोलत आलो. 1888 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत, आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, हे मी नंतर सांगितलं. त्यातलं कोरीव काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं, म्हणजे आपल्याच शहरातल्या मुलांनी, हे ऐकल्यावर तर दोघींचे चेहरे बघण्यासारखे झाले. 1857 पासूनचं जे. जे. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. आधी दिसलं, मग प्रश्न पडला, मग माहिती दिली, म्हणून ती लक्षात राहिली. शाळेत हा क्रम बरोबर उलटा असतो.

वारली चित्रांचंही तसंच. प्रत्येक शाळेत तपकिरी कागदावर पांढरी त्रिकोणी माणसं काढून घेतात, व्हिडिओ बघून. पण हे मुळात लग्नाच्या वेळी घरातल्या सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात, चित्राच्या मधल्या चौकोनात, म्हणजे चौकात, पालघट देवी असते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही, हे किती मुलांना सांगितलं जातं? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचा डहाणू तालुका इथून लोकलच्या अंतरावर आहे.

2020 च्या शैक्षणिक धोरणात कला आणि बाकीचे विषय एकत्र शिकवा असं लिहिलंय. प्रत्यक्षात घरी येतं ते चार्ट पेपर, रात्री अकरा वाजता आईवडील थर्माकोल कापत बसतात. त्यापेक्षा आठवड्याला एक तास द्या, ज्यात कोणी काही काढणार नाही. एकच चित्र किंवा एकच वस्तू, आजीच्या घरातलं पितळी तांब्या-भांडं आणलं तरी चालेल, सगळ्यांनी बघायचं आणि बोलायचं. तासासाठी सरकारकडे पैसे मागायची गरज नाही, पण प्रत्येक शाळेत पूर्ण वेळ कलाशिक्षक हवा आणि तो तास कोणी दुसऱ्या विषयाला पळवू नये, हे मात्र शिक्षण विभागाने बघायलाच पाहिजे. मार्क ठेवू नका कृपा करून. मार्क ठेवले की गाईडमध्ये तयार उत्तरं येतील, कवितेचं तेच झालंय. मार्क नसतील तर शाळा मनावर घेणार नाहीत असं माझे मिस्टर म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे हे मला माहितीये, तरीही मी मार्कांच्या विरोधातच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत बिल्डिंगमधली आठ मुलं घेऊन घारापुरीला जायचं ठरवलंय. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून मंगळवारची लाँच. पुस्तकात फक्त 'त्रिमूर्ती' असं एका ओळीत आहे. मुलांना मी आधी काहीच सांगणार नाहीये, वीसेक फूट उंचीच्या त्या सदाशिवासमोर, म्हणजे शिवाच्याच तीन चेहऱ्यांच्या मूर्तीसमोर, बसवणार आणि तीन चेहऱ्यांतला रागावलेला कुठला, हातात कमळ कुठल्याच्या, नाग कुठल्याच्या, हे त्यांनाच शोधू देणार. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना विचारलं, येता का, तर ते लगेच हो म्हणाले. वीस वर्षांच्या नोकरीत मुलांना घेऊन तिथे जायला एकदाही परवानगी मिळाली नाही, असं म्हणाले.

आपली,
एक पालक, लालबाग, मुंबई