नावं न छापता मानलेले आभार

जागतिक धर्मांचा अभ्यासक्रम यंदा पार पडला. निकाल बरा लागला, त्यात तुमचा वाटा मोठा.

अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मावशी, पहिले आभार तुमचे. बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, मलिदा हा आभाराचा विधी आमच्या टिपणात एका ओळीत उरकला होता. तुम्ही पोहे भिजवून निथळले, ओलं खोबरं-साखर कालवली, वेलदोडा कुटून घातला, भोवती फळं मांडली आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं गीत हिब्रूत म्हणून दाखवलंत. मधेच 'हात धुतलेस ना गं?' हेही अस्सल मराठीत!

पुण्याच्या कॅम्पातल्या अग्यारीच्या फाटकाशी बसणारे काका, पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही हे तुम्ही इतक्या अदबीने सांगितलंत की वाईट वाटायला जागाच उरली नाही. उलट बाकड्यावर बसवून १७४२पासून गुजरातेतल्या उदवाड्यात असलेल्या इराणशाह या पारशांच्या सर्वांत पवित्र अग्नीबद्दल चहा निवेपर्यंत बोललात. (चहाही तुमचाच.)

गुरुद्वाऱ्यात माझ्या वेड्यावाकड्या रोट्याही लंगरात वाढणाऱ्या बीजी आणि बंद केलेलं कपाट माझ्यासाठी पुन्हा उघडणारे ग्रंथालयातले दादा, तुम्हालाही मनापासून धन्यवाद.

मावशी, प्रकल्पाची एक प्रत तुमच्यासाठी काढली आहे. दिवाळीनंतर घेऊन येते.