कित्ता गिरवताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, चित्र छान झालंय, पण ते माझं कुठे आहे? नुसतं बघून उतरवलंय." तेव्हा मी गप्प राहिले, पण मनातून ते गेलं नाही. लहानपणी तू पाटीवर 'ग' गिरवायचीस, तेव्हा तो कुणाचा ग आहे हे कधी विचारलं नाहीस. आज तुझं अक्षर मी शंभरांतून ओळखते.

तू निवडलेलं चित्र रशियन चित्रकार इव्हान बिलिबिनचं, १९०० सालचं. उखळात बसून जंगलातून निघालेली रशियन परीकथेतली चेटकीण, बाबा यागा. निवड अवघड आहे, आणि मला ती फार आवडली. तुझा फोटो मोठा करून मी बराच वेळ बघत बसले. खोडांवरची तुझी रेघ कुठे जाड, कुठे बारीक झाली आहे. जिथे खात्री नव्हती तिथे तू ती दोनदा फिरवलीस, हे लगेच कळतं. बिलिबिनची रेघ बघ, एकदा निघाली की तशीच शेवटापर्यंत जाते. मित्र त्याला 'लोखंडी हाताचा इव्हान' म्हणायचे. टाक नव्हे, टोक कापलेला ब्रश वापरून तो शाईची रेघ ओढायचा. त्याआधी कच्चं रेखाटन, मग ते ट्रेसिंग पेपरवर, तिथून चांगल्या कागदावर, मग शाई, आणि रंग सगळ्यांत शेवटी. स्वतःचंच चित्र तोही आधी उतरवून घ्यायचा, सई.

रंगांबद्दल एकच सांगते. अळंब्यांच्या लाल टोप्यांना तू छाया देऊन गोलाई आणलीस. हात तिकडे ओढला जातो, माझाही जायचा. पण इथे आकार रेघेने धरलाय, रंगाने फक्त तो भरायचा, जवळपास सपाट. त्यासाठी रंग आधीच पुरेसा कालवून ठेव. मध्येच संपला तर पुन्हा तीच छटा मिळत नाही आणि वाळल्यावर जोड दिसतो. आणि शाई वॉटरप्रूफ आहे ना, हे कागदाच्या तुकड्यावर पाणी फिरवून बघ. मी एकदा बघितलं नव्हतं. तीन संध्याकाळींचं रेखाटन पातळ रंगाच्या पहिल्याच हातात करड्या चिखलासारखं पसरलं. खूप रडले होते.

तुझी चौकट मात्र मला खटकली. तिच्यातला तो कोवळा हिरवा आत चित्रात कुठेच नाही, म्हणून ती वरून चिकटवल्यासारखी दिसते. आतलाच एखादा मळकट हिरवा घेऊन बघ.

चेटकिणीचा चेहरा मूळ चित्रापेक्षा थोडा थकलेला झालाय. तो पुसू नकोस. समोर मूळ चित्र असताना तुझ्या हाताने तो तसा काढला, आणि मला तो चेहरा फार खरा वाटला.

खाली बारीक अक्षरात 'बिलिबिनच्या चित्रावरून' असं लिही आणि त्याखाली तुझं नाव. मग नवीन कागद घे. याच जंगलात, ती निघून गेल्यावर मागे काय उरलं असेल, ते काढ. रेघ त्याच्यासारखी ठेव. झालं की मला पाठव, अर्धवट असलं तरी.

तुझी,
आई