त्या काळ्या डब्यांबद्दल

नाशिक

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहायला बसले. डब्यांचं एकदाच सांगते, मग तो विषय काढणार नाही. पार्सलच्या त्या काळ्या, पातळ डब्यात तू वाफाळतं वरण ओतलंस, ते मला बघवलं नाही. मी ओरडले. तू म्हणालीस, "काही टाकायचं नाही हे तूच शिकवलंस ना?"

शिकवलं खरं. ते ऐकून राग आला तरी आतून बरंही वाटलं. तुझ्या वयाच्या किती मुली पार्सलचा डबा घासून, पुसून फळीवर ठेवतात? पण प्लास्टिक तापलं, वर त्याला तेल-तूप लागलं, की त्यातली द्रव्यं अन्नात जास्त उतरतात. डब्याच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो. ५ असेल तर तो डबा गरम त्यातल्या त्यात सोसतो. १ किंवा ६ असेल तर त्यात गरम काही घालूच नकोस. आणि ५ असला, तरी एका वेळेच्या पार्सलसाठी केलेला डबा रोज तापवायचा नसतो. त्यात सुया-दोरे ठेव, चार्जरच्या वायरी ठेव, बुडाला भोकं पाडून कोथिंबीर पेर. वर्तमानपत्राचंही तेच. त्यावर भजी निथळायला ठेवू नकोस, शाई अन्नाला लागते. २०२३ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही हेच बजावलं होतं. कागद कपाटात अंथर, काचा पूस.

झाली माझी शाळा सुरू. रागावू नकोस.

आजीची आठवण येते. बुधवारच्या बाजाराला गोदेच्या काठी, गंगेवर जायची ती अण्णांच्या जुन्या विजारीची पिशवी घेऊन. नारळाची शेंडी भांडी घासायला, करवंटी बंबात. लुगडं विरलं की चांगला भाग गोधडीला, उरलेलं फडक्याला, आणि फडक्याचं पोतेरं झाल्याशिवाय चिंधी घराबाहेर गेली नाही. तुझ्या होस्टेलच्या गोधडीत तिचं ते हिरवं लुगडं आहे, वरच्या कडेला. धावदोरा तिने स्वतः घातला होता, डोळ्यांना दिसत नव्हतं तेव्हा. पण तीच आजी कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक घालू द्यायची नाही. कळकतं म्हणायची. ते पातेलं तांबट लेनला जाऊन कल्हई करून येईपर्यंत त्यात फक्त अंघोळीचं पाणी तापायचं. भांडं टाकलं नाही, पण अन्नही त्यात घातलं नाही. मला तुला एवढंच सांगायचं होतं, आणि मी नुसती ओरडत बसले.

तुझा खताचा माठ चालू आहे. भाजीची देठं, चहाचा चोथा, देवाची फुलं सगळं त्यात जातं, आणि प्रत्येक थरावर दुप्पट वाळका पाला. पावसात ओल वाढून वास सुटला होता, मग पाला वाढवला, दोन दिवस ढवळलं, गेला वास. साधारण तीन महिन्यांत काळंभोर खत होतं. घंटागाडीत आता आपला ओला कचरा जवळजवळ जातच नाही. मोठी मावशी परवा गच्चीवर येऊन कढीपत्ता बघून गेली. हे सगळं सोनूने सुरू केलं, असं मी तिला दोनदा सांगितलं.

आता खरं बोलू? रविवारी तुझ्या मागे त्या डब्यांची चळत दिसली. केवढी उंच ती! जेवढे डबे तेवढी बाहेरची जेवणं, असा हिशेब माझ्या मनात चाललाय आणि थांबत नाही. जेवतेस कधी? रात्री अकराला? मागच्या वर्षीसारखं पित्त उसळलं तर तिथे तुझ्याजवळ कोण आहे? ऑफिसात काही बिनसलंय का? अण्णा म्हणतात, पोरगी मोठी झाली, तिला नको विचारू. मी विचारतेच आहे. डब्यांचा विषय काढणार नाही म्हटलं होतं, तरी पुन्हा तिथेच आले.

शुक्रवारी दादा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर घट्ट झाकणाचे चार स्टीलचे डबे देते. मोठ्यात मेतकूट आहे, दुसऱ्यात भाजणी. एक मुद्दाम रिकामा ठेवलाय, ऑफिसला नेण्यासाठी. सकाळी कुकर लावायला अर्धा तास लागतो, तेवढा काढ. नाही जमलं तर तसं सांग, मी आठ दिवस येऊन राहते. अण्णांचं मी बघते.

तुझी,
आई

ता. क. : तू विचारलेलं संत्र्याच्या सालींचं पाणी असं कर. गूळ एक भाग, साली तीन भाग, पाणी दहा भाग. काचेच्या बाटलीत नको, वायू साठून फुटेल. पेयाची प्लास्टिकची मोठी बाटली घे, वर थोडी रिकामी ठेव आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ दे. तीन महिन्यांनी गाळून, पाण्यात थोडं घालून फरशी पूस.