सॉफ्टवेअरचं माणशी भाडं आता टिकणार नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि. एआयमुळे नोकऱ्या जाणार का, याच्यावर रोज काही ना काही छापून येतं, ते यायलाच पाहिजे, पण सॉफ्टवेअरचं जे भाडं आपण महिन्याच्या महिन्याला भरतो त्याचं पुढे काय होणार हे फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी अकाउंट्स बघते, सॉफ्टवेअरची रिन्युअलं पण माझ्याकडेच असतात, त्यामुळे हा विषय रोज माझ्या टेबलावर आहे.

पूर्वी सॉफ्टवेअरची सीडी एकदा विकत घेतली की विषय संपला, तेच व्हर्जन वर्षानुवर्षं चालायचं. १९९९ मध्ये अमेरिकेत सेल्सफोर्स ही विक्री आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर देणारी कंपनी सुरू झाली, तिने इंटरनेटवरून सॉफ्टवेअर द्यायचं आणि माणशी दरमहा पैसे घ्यायचे ही पद्धत रुळवली. २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीने सांगून टाकलं की त्यांच्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या संचाचं, क्रिएटिव्ह सूटचं, नवीन व्हर्जन येणार नाही, पुढचं सगळं क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये म्हणजे भाड्याने, मग बाकीचेही त्याच वाटेने गेले. विकणाऱ्याला यात मोठा फायदा होता कारण गिऱ्हाइकाने माणसं वाढवली की लायसन्स आपोआप वाढायची, वेगळं काही विकायलाच नको. पण हा सगळा हिशोब उभा आहे तो एकाच गोष्टीवर, की काम करायला माणूस लागतो आणि माणसाला लॉगिन लागतं. एआय एजंट नेमका तिथेच हात घालतो.

एजंट म्हणजे नुसता उत्तरं देणारा चॅटबॉट नव्हे. त्याला काम सांगितलं की तो फाइल उघडतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, आकडे जुळवतो, अडलं की विचारतो. आमच्या कामातलं एकच उदाहरण देते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे सप्लायरांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, आणि २० तारखेपर्यंत थ्री-बी म्हणजे महिन्याचा रिटर्न भरायचा असतो, मधल्या दिवसांत आपलं परचेस रजिस्टर आणि टू-बी यांचा मेळ घालायचा. २०२२ पासून बिल टू-बीमध्ये दिसत नसेल तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटच घेता येत नाही त्यामुळे हे काम टाळता येत नाही. आता सप्लायर बिल नंबर टाकतो ००१२५, आमच्याकडे एंट्री झालेली असते १२५/२५-२६, कोणी तारीख मार्चची टाकलेली असते आणि माल आमच्याकडे उतरतो एप्रिलमध्ये, कोणाचा जीएसटी नंबर दुसऱ्या राज्यातल्या शाखेचा, कुठे राउंड ऑफचा एक रुपया इकडेतिकडे. हे जुळवायला वेगळं सॉफ्टवेअर घेतलंय, त्याचंही वर्षाचं भाडं, आणि ते सरळसोट जुळणारी बिलं जुळवतं, उरलेली सगळी परत एक्सेलमध्ये हाताने. एजंटला दोन्ही फाइल दिल्या आणि कोणता सप्लायर बिल नंबर कसा लिहितो ते सांगितलं तर तो न जुळलेली बिलं कारणासकट वेगळी काढतो आणि त्या त्या सप्लायरला पाठवायच्या मेलचा मसुदाही करून ठेवतो. मसुदा मी वाचते, रिटर्न मी भरते, ते बटण त्याच्या हातात मी देणार नाही. पण मग त्या मेळ घालायच्या सॉफ्टवेअरचं भाडं पुढच्या वर्षी कशासाठी भरायचं हा प्रश्न मालकांनी मला विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही.

ही एकट्या माझी शंका आहे असंही नाही. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला डिसेंबर २०२४ मधल्या एका मुलाखतीत म्हणाले होते की बिझनेस सॉफ्टवेअर म्हणजे मुळात डेटाबेस आणि त्याच्यावर बसवलेले नियम, आणि ते नियम पुढे एजंटकडे जातील. ज्या सेल्सफोर्सने माणशी दर रुळवला तिनेच २०२४ मध्ये एजंटफोर्स हे स्वतःचं एजंटांचं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा सुरुवातीचा दर लावला एका संभाषणाला २ डॉलर. ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इंटरकॉमने आपल्या फिन एजंटचा दर ठेवला एका प्रश्नाला ९९ सेंट, तोही ग्राहकाचा प्रश्न सुटला तरच. म्हणजे विकणाऱ्यांनाच कळून चुकलंय की लॉगिन मोजून पैसे घ्यायचे दिवस भरत आलेत.

सगळं सॉफ्टवेअर बुडणार असं मी म्हणत नाहीये. खरेदीचे पैसे नंतर किंवा हप्त्याने भरायची सोय देणाऱ्या स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांचा एआय असिस्टंट ७०० माणसांचं काम करतो, आणि २०२५ मध्ये तिलाच ग्राहकसेवेसाठी परत माणसं घ्यावी लागली कारण कामाचा दर्जा घसरला होता. आणि आपल्याकडे तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, कोणी कधी कोणती एंट्री बदलली त्याची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. ते काम एजंटचं नाही, त्याला पक्की खतावणीच लागते. त्यामुळे जिथे मूळ नोंद राहते ते सॉफ्टवेअर टिकेल, नुसता रिपोर्ट काढून देणारं, इकडची माहिती तिकडे नेणारं, फॉर्म भरून घेणारं जे आहे ते आधी जाईल असं मला स्पष्ट दिसतंय.

पण माझी खरी काळजी पुढची आहे. माणशी भाडं सुटायला लागलं की कंपन्या दुसरीकडे दार लावणार, आणि ते दार म्हणजे आपलाच डेटा. स्लॅक हे ऑफिसातल्या मेसेजचं सॉफ्टवेअर सेल्सफोर्सच्याच मालकीचं, २०२५ मध्ये त्यांनी नियम बदलले आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरला स्लॅकमधले मेसेज एपीआयमधून, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्यातला डेटा थेट घ्यायच्या वाटेने, घाऊक काढून साठवायला बंदी घातली. सुरक्षेसाठी केलं म्हणतात, असेलही, पण त्यातले मेसेज तर गिऱ्हाइकाचे आहेत ना. आम्हाला स्वतःला याचा अनुभव आलाय. जुन्या सीआरएमवाल्याकडे (कस्टमर आणि ऑर्डरींच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) आमच्या ऑर्डरींचा डेटा मागितला तर पीडीएफचा गठ्ठा पाठवला, ड्रॉइंगच्या अटॅचमेंट मिळाल्याच नाहीत, आणि एपीआय पाहिजे असेल तर वेगळे पैसे भरा म्हणाले. ऑर्डरी आमच्या, कस्टमर आमचे, एंट्र्या आमच्या मुलींनी केलेल्या! एजंट कितीही हुशार असू दे, त्याला डेटाच वाचायला मिळाला नाही तर तो आमच्या काय कामाचा.

युरोपात याच्यावर कायदा आहे. तिथला डेटा अ‍ॅक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात क्लाउड सेवा बदलताना गिऱ्हाइकाला आपला डेटा घेऊन जाता आला पाहिजे असं आहे आणि १२ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी पैसेही घेता येणार नाहीत. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी माहितीपुरता आहे, कारखान्याचं ऑर्डर बुक त्यात येत नाही. कायदा येईल तेव्हा येईल, पण तोपर्यंत करारात तरी लिहून घेता येतं की सगळा डेटा, अटॅचमेंटसकट, वापरता येईल अशा फाइलमध्ये कधीही मिळेल, एपीआयचे वेगळे पैसे नाहीत, आणि एजंटने लॉगिन केलं म्हणून अकाउंट बंद करणार नाही. एकटा लहान कारखाना हे मागायला गेला तर त्याचं कोणी ऐकत नाही. भोसरी, चाकण, सातपूर, बुटीबोरी, इचलकरंजी इथल्या उद्योग संघटनांनी मिळून एक नमुना करार केला तर विकणाऱ्यांना तो बघावाच लागेल.

आणि पुण्यातली ती मुलं. मोठ्या सॉफ्टवेअरचं इम्प्लिमेंटेशन आणि सपोर्ट करणाऱ्या लहान लहान फर्म इथे खूप आहेत, आमच्याकडे येणारी बरीच मुलं लातूर, बीड, जळगावकडची, कॉट बेसिसवर राहतात, दिवसभर आमच्यासारख्यांच्या ऑफिसात बसून फॉर्म आणि रिपोर्ट सेट करून देतात. लायसन्स कमी झाली की पहिला फटका त्यांना, आणि त्यांच्याबद्दल शेअर बाजाराच्या बातमीत एक ओळ नसते. वास्तविक कोणत्या कारखान्यात माल आधी उतरतो आणि बिल नंतर येतं, कोणाचं गेट पास रजिस्टर अजून वहीत आहे हे त्यांनाच माहीत असतं, एजंटला काम शिकवायला याच माणसांची गरज आहे. पण त्यांच्या फर्मने आत्तापासून त्यांना ते शिकवायला घेतलं तर.

माझी विनंती एवढीच, की आपल्या वार्ताहराने एकदा या मुलांशी आणि लहान कारखान्यांच्या अकाउंट्सवाल्यांशी बोलून सविस्तर लिहावं. बहुतेकांची रिन्युअलं मार्च-एप्रिलमध्ये असतात, त्याच्या दोन-तीन महिने आधी छापून आलं तर संघटनांना नमुना करारावर बसायला वेळ मिळेल.

आपली,
एक नियमित वाचक, भोसरी, पुणे