क्लेमच्या अर्जावर सही करण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात चाकणहून परतताना नाशिक फाट्याजवळ पुढची वाहतूक एकाएकी थांबली आणि माझी मोटार एका टेम्पोवर आदळली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. पण पुढचा बंपर फाटला, डाव्या मडगार्डचा पत्रा चेपला आणि हेडलाइटचे दोन कान (ती जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) तुटले. सर्व्हिस सेंटरने ३२ हजार रुपयांचे एस्टिमेट हाती दिले आणि विमा असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असे सांगत क्लेमचा अर्ज पुढे केला. त्या अर्जावर सही करण्याआधी मी घरी बसून जो हिशेब मांडला, तो अन्य वाहनधारकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

माझी गाडी सात वर्षांची असून पॉलिसी साधी, म्हणजे ‘झिरो डेप’ (क्लेममधून घसारा न कापणारी) नसलेली आहे. अशा पॉलिसीत प्लास्टिक व रबराच्या भागांच्या किमतीतून ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो, पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ४० टक्के आणि रंगाच्या सामानावर ५० टक्के. काचेवर मात्र काहीही कापत नाहीत. याखेरीज १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी प्रत्येक क्लेममागे १ हजार रुपये मालकालाच सोसावे लागतात. हे सारे वजा जाता कंपनीकडून मला सुमारे १७ हजार रुपये मिळणार होते आणि उरलेले १५ हजार माझेच जाणार होते.

याहून मोठा फटका ‘नो क्लेम बोनस’चा आहे आणि त्याबद्दल काउंटरवर मला कोणी चकार शब्द सांगितला नाही. पाच वर्षे क्लेम न केल्यामुळे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मला ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ही सूट पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येते आणि मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० टक्क्यांवर जाते. माझा हा हप्ता सूट धरण्यापूर्वी ८ हजार रुपये आहे. तो तेवढाच राहील असे मानले, तरी पहिल्या वर्षी ४,०००, दुसऱ्या वर्षी २,४००, तिसऱ्या वर्षी २,०००, चौथ्या वर्षी १,२०० आणि पाचव्या वर्षी ४००, असे एकूण १० हजार रुपये मला जादा भरावे लागले असते. म्हणजे विमा असूनही ही दुरुस्ती मला २५ हजारांना पडली असती.

मी क्लेम केला नाही. भोसरीतील एका जुन्या मिस्त्रींनी बंपर प्लास्टिक वेल्डिंगने सांधला, मडगार्ड ठोकून सरळ केले आणि हेडलाइट न बदलता तिचे कान नव्याने बसवले. डेंटिंग-पेंटिंग धरून पक्के बिल १४,५०० रुपयांचे झाले. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये हे तिन्ही भाग सरसकट ‘बदलणे’ असे लिहिले होते.

ही काटकसर प्रत्येक अपघातात करावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. चासी, सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा एअरबॅगला धक्का लागला असेल, तर तिथे पैशाचा विचार करू नये, आणि मोठ्या खर्चात क्लेम करणेच शहाणपणाचे ठरते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. रेडिएटर (इंजिन थंड ठेवणारा भाग) फुटलेला असताना गाडी तशीच चालवत नेली आणि इंजिन जाम झाले, तर ते नुकसान अपघाताचे नव्हे असे ठरवून विमा कंपनी इंजिनाचा खर्च नाकारू शकते. म्हणून गाडी टो करूनच न्यावी.

बाहेर काम केल्यास वॉरंटी जाईल, या भीतीने पुष्कळ लोक खासगी गॅरेजकडे वळत नाहीत. वास्तविक भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावताना, सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करावेत आणि स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असे बजावले होते. तरीही काउंटरवर ग्राहकाला हीच भीती आजही घातली जाते, याचा मला मनापासून संताप येतो.

विमा नियामक प्राधिकरणाला माझी विनंती आहे की, क्लेमच्या अर्जावर सही घेण्यापूर्वी किती घसारा कापला जाईल, मालकाच्या वाट्याला किती रक्कम येईल आणि बोनस गेल्याने पुढील पाच वर्षांत किती जादा हप्ता पडेल, हे तीन आकडे ग्राहकाला लेखी आणि मराठीत देणे कंपन्यांना बंधनकारक करावे. एस्टिमेटमध्येही प्रत्येक भागासमोर तो दुरुस्त का होऊ शकत नाही, याचे कारण नोंदवले जावे आणि बदललेला जुना भाग मालकाला दाखवला जावा.

आपला,
एक वाहनधारक, पिंपरी-चिंचवड