खोलपणा पॉलिगॉनच्या संख्येत नसतो

महोदय,

जितके पॉलिगॉन (थ्रीडी वस्तू ज्यांनी बनते ते छोटे सपाट तुकडे) जास्त तितका गेम खरा, हा समज खोडून काढायलाच हवा. मी गेमसाठी टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे, करते. गेममधली विटांची भिंत बहुतेकदा सपाटच असते. तिच्यावर नॉर्मल मॅप नावाचे एक चित्र चढवतात; पृष्ठभाग कुठे कललाय हे त्याचा प्रत्येक पिक्सेल रंगातून सांगतो आणि उजेड त्यानुसार पडतो. संगणक-चित्रणातले तज्ज्ञ जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या बंप मॅपिंगचेच, म्हणजे सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास निर्माण करण्याच्या तंत्राचेच, हे पुढचे रूप. यात उभ्या दिशेचा कल सांगणारा हिरवा चॅनल (चित्रातला हिरव्या रंगाचा थर) उलटा पडला, की विटांमधल्या आडव्या खाचा चक्क फुगीर दिसतात! भिंतीची बाह्यरेषा मात्र सरळच राहते, तिथे खरी भूमितीच, म्हणजे जास्तीचे पॉलिगॉनच, लागते. नवशिक्यांना कळकळीची विनंती: फोटोवरून आपोआप काढलेला मॅप तपासल्याशिवाय वापरू नका. त्यात भिंतीवरचा काळा डागसुद्धा खड्डा होऊन बसतो.

– एक टेक्श्चर आर्टिस्ट