असा फॉर्मच नाही म्हणे! केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री साहेब,

सविनय नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागातली निवृत्त शिक्षिका. वय 68, गुडघे त्याहून म्हातारे. गेल्या मंगळवारी परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठी एका कार्यालयात साडेतीन तास बाकावर बसले. शुगर उतरली, पर्समधलं बिस्कीट खाल्लं तर शिपाई म्हणाला, इथं खायचं नाही. हातात पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, माझ्या परदेशी भाडेकरूची जबाबदारी आम्ही घेतो असं हमीपत्र, त्यावर गल्लीतल्या पाच घरांच्या सह्या. साहेबांनी ते न वाचताच एका बोटाने परत सरकवलं. "काकू, असा फॉर्मच नाही."

माझ्या माडीवर 2018 पासून एक अफगाण पोरगा भाड्याने राहतो. नाव लिहीत नाही, तोच अडकेल. इथं शिकत असतानाच ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं. भाऊ जुन्या सरकारच्या सैन्यात होता, तेव्हा परत जाणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. आता शिक्षण संपलं, व्हिसाही संपत आलाय. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या ह्यांना पाठुंगळी घेऊन यानेच जिना चढवला. पंचनाम्याला आलेल्यांना मात्र माझं घर दिसलं नाही. दोनदा अर्ज दिला. असो. असो कसलं! भिंतीवरची पुराची रेघ मी मुद्दाम रंगवलेली नाही.

परदेशी नागरिकांबाबतचा 1946 चा कायदा जाऊन 2025 चा नवा आला, पण निर्वासित कोणाला म्हणायचं ते त्यातही नाही. निर्वासितांबाबतच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सहीच नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात सहा धर्म आहेत, याचा नेमका सातवा. कॅनडात पाच नागरिक एकत्र येऊन निर्वासिताची हमी देतात, वर्षभर खर्च उचलतात. 1979 पासून तिथे असे नागरिकांच्या भरवशावर तीन लाखांहून जास्त लोक आले. (2024 च्या अखेरीला पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज त्यांनीही थांबवले, ठाऊक आहे. पण थांबवायला आधी सुरू तर करावं लागतं ना!)

लोकसभेत 2025 च्या या नव्या कायद्यावर बोलताना देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असं आपण म्हणालात. साहेब, धर्मशाळा सरकारने कधी बांधल्या? पंढरपूरला जाऊन बघा, दारावर कुणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ असंच कोरलेलं असतं. दिंडीला पिठलं-भाकरी वाढताना आम्ही कुणाचं आधार कार्ड बघत नाही. देशात कोण येणार ते तुम्हीच ठरवा, तपासा, दर महिन्याला हजेरी घ्या. परदेशी भाडेकरू ठेवल्याची सरकारला खबर देणारा सी फॉर्म मी चोवीस तासांत भरला होता. सीमा तुमची, कबूल. माडी माझी आहे आणि पेन्शनही माझीच.

सासूबाई कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या. तिथल्या छावणीत 1943 ते 48 पोलंडची पाचेक हजार माणसं होती. त्या गोऱ्या बायका बाजारात मोडक्या मराठीत घासाघीस करायच्या, हे त्या हसून सांगायच्या. ते गेले, मग त्याच बराकींत सिंधमधून आलेले लोक राहिले. ते आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला निम्मी सांगली तिथे जाते. कुणाचं सार्वभौमत्व बुडालं?

दर नोव्हेंबरला मी जिवंत असल्याचा दाखला देते. त्याला बरा फॉर्म आहे! मेलेली नाही हे पटवायला फॉर्म, आणि एकाला जिवंत ठेवते म्हणायला नाही? निवडणुकीत गल्लीत आलेले एक पुढारी "मी वर बोलतो काकू" म्हणून माझा चहा पिऊन गेले. अजून बोलतच असतील.

मला पैसे नकोत, सवलत नको. पाच सह्यांचा कागद आवक क्रमांक टाकून घ्यायला सांगा, एवढंच.

परवा पोरगा जिन्यात थांबला. म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्याचं भाडं आत्ताच देऊ का?" मी दूध उतू जातंय म्हणून आत निघून आले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

आपली,
गावभागातील एक घरमालकीण, सांगली